घोडीला धक्का लागू नये म्हणून

आपण गाडी उत्तम चालवतो, असं बोगोमिर पिर्त्सचं एकतीस वर्षं मत होतं आणि ते खोडून काढणारं जगात कुणी नव्हतं. बायको होती, पण बायकोचं मत हा वेगळा विषय झाला. बोगोमिर काम्निकच्या जमीन मोजणी कचेरीत नोकरीला होता. दोन शेतांमधला बांध चार बोटं इकडे की तिकडे, यावर तिथे लोकांच्या तीन-तीन पिढ्या भांडायच्या. त्यांच्या मध्ये फीत धरून उभं राहिल्यामुळे बोगोमिरची पक्की समजूत झाली होती, की जे मोजता येतं त्यात चूक होत नाही. एकतीस वर्षांत त्याच्या गाडीवर एक ओरखडा उठला नव्हता. मग ऑक्टोबरात त्यानं सासऱ्यांची घोडी डोंगरावरून खाली आणली आणि सत्तावीस किलोमीटरांत या सगळ्या लौकिकावर पाणी पडलं.

घोडीचं नाव ब्रेझा. वय बावीस, वजन साडेसहाशे किलो, स्वभाव संताचा. सासरे येर्नेय, वय सत्त्याऐंशी. यांचा स्वभाव संताचा नव्हता, पण बोलणं मात्र फार कमी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डोंगरावरच्या पोद्गोरातलं घर बंद करून ते लेकीकडे राहायला आले तेव्हा सामान म्हणजे एक बॅग आणि ही घोडी. घोडी काही तिसऱ्या मजल्यावर ठेवता येत नाही, म्हणून तिची सोय गावाबाहेरच्या तबेल्यात केली. तबेल्याच्या मालकानं ट्रेलर उसना दिला, बोगोमिरनं तो गाडीमागे अडकवला आणि नेहमीसारखी उत्तम गाडी चालवत तो खाली आला. मागचं दार उघडलं तेव्हा ब्रेझा घामानं निथळत होती, गुडघे सोलले होते आणि चारही पाय थरथरत होते. म्हातारा काठी टेकत आत गेला आणि त्यानं तिच्या मानेवर हात ठेवला. जावयाला तो एका शब्दानं बोलला नाही. "चुकलं गं माझं," असं त्या घोडीला म्हणाला. बोगोमिर दोन पावलांवर उभा होता. त्यापेक्षा चार शिव्या मिळाल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे संत स्तेफानाच्या सणाला, पोद्गोराच्या चर्चमध्ये घोड्यांना आशीर्वाद देतात. घोडे चर्चभोवती तीन फेऱ्या मारतात, फादर त्यांच्यावर पाणी शिंपडतात आणि मंतरलेला पाव आणि मीठ घोड्यांच्या तोंडात पडतं. येर्नेयनं त्रेसष्ट वर्षांत हा सण एकदाही चुकवला नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सूप वाढता वाढता बोगोमिरच्या बायकोनं, आलेंकानं, सहज विचारलं, "बाबा, यंदा सणाला ब्रेझाला न्यायचं ना?"

"नाही."

"का हो?"

"ती त्या पेटीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आणि मी तिला ठेव म्हणणार नाही. बावीस वर्षं तिनं माझं ऐकलंय. आता म्हातारपणी तिला फसवू होय?"

"मग तुम्ही तरी चला."

"घोडीशिवाय जाऊन काय करू? तिच्या वाटणीचा पाव खाऊ?"

म्हातारा रागावलेला नव्हता. त्यानं मनाशी हिशेब करून हे टाकून दिलं होतं, आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी माणूस एक वर्ष टाकून देतो म्हणजे काय, हे टेबलावरच्या तिघांनाही कळत होतं. बोगोमिरनं चमचा खाली ठेवला.

"मी नेतो तिला," तो म्हणाला. "अजिबात धक्का लागू न देता नेतो."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "सूप गार होतंय तुझं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ही बातमी इमारतभर झाली. तळमजल्यावरचा द्रागो निवृत्त ट्रक ड्रायव्हर होता. ऐन उमेदीत तो बगदादपर्यंत ट्रक घेऊन गेला होता, आणि त्यानंतर जगातल्या कुठल्याही प्रश्नावर, मग तो मूळव्याधीचा का असेना, बगदादच्या रस्त्यावरचं उत्तर त्याच्यापाशी तयार असे. "अरे बोगो, ट्रेलर म्हणजे काय समजतोस तू?" तो जिन्यातच सुरू झाला. "वजन मागं गेलं की तो शेपूट हलवतो. फार पुढं गेलं की गाडी नाक वर करते. आणि जनावर एकटं असेल तर डाव्या कप्प्यात घाल, रस्ता उजव्या कडेला उतरता असतो. तू कुठं घातलं होतंस?"

"उजव्या," बोगोमिर म्हणाला.

"मध्ये फळी होती?"

"होती."

"मग पाय कसे फाकवणार ती? माणूस बसमध्ये उभा राहतो तेव्हा पाय जुळवून राहतो का?" असं म्हणून द्रागोनं जिन्यातच पाय फाकवून दाखवले. वरून उतरणाऱ्या रेझ्काबाईंना वाट मिळेना, म्हणून त्याही थांबल्या आणि चर्चेत सामील झाल्या. रेझ्काबाईंचा घोड्यांशी संबंध कधीच आला नव्हता, पण सल्ला द्यायला त्यांना तशी अडचण कधीच वाटली नव्हती.

कागदोपत्री सगळं नीट असावं म्हणून बोगोमिर परवान्यांच्या खिडकीवर चौकशीला गेला. ही त्याची दुसरी चूक. खिडकीतल्या बाईंनी त्याचा परवाना उलटसुलट पाहिला. "गाडी आणि ट्रेलर मिळून साडेतीन टनांच्या वर जातंय. यावर तशी नोंद नाहीये. परीक्षा द्यावी लागेल."

"म्हणजे कुणी नोंद नसताना ओढला, तर तो गुन्हा?"

"अर्थात. का? कुणी ओढलाय?"

"एका ओळखीच्यानं," बोगोमिर म्हणाला. चार बोटं बांध सरकवणाऱ्यांना आयुष्यभर नोटिसा देणारा हा माणूस. कान लाल करून तो बाहेर आला आणि पायऱ्यांवर पाच मिनिटं बसला. घरी कळलं, की आलेंकाच्या परवान्यावर ही नोंद तीस वर्षांपासून आहे. गवताच्या गाड्या ओढायच्या म्हणून तिनं माहेरीच परीक्षा दिली होती.

"मी चालवते की," ती म्हणाली.

"नाही."

"मान कमी होतो का तुझा?"

"मानाचं नाही गं. घाम तिला माझ्या हातून आला होता."

 आलेंकानं त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

परीक्षेची तारीख बावीस डिसेंबर मिळाली. तोवर रस्त्यावर आलेंका शेजारी नव्हे, तर स्टिअरिंगपाशी बसेल आणि बोगोमिर मोजमापं घेईल असं ठरलं. मोजायचं म्हटल्यावर त्याला उत्साह आला. कचेरीतली पाणसळ ट्रेलरच्या जमिनीवर ठेवून पाहिली तर ट्रेलर पुढच्या बाजूला पूर्ण दोन अंश उतरता निघाला. म्हणजे ती गरीब घोडी सत्तावीस किलोमीटर उतारावर उभी राहिल्यासारखी उभी होती. गाडीमागचा लोखंडी गोळा बदलून उंच बसवला. चाकांतली हवा मोजली, चारही चाकांत चार तऱ्हेची होती. मग द्रागो म्हणाला, की ट्रेलरचं नाक गोळ्यावर किती वजनानं टेकतं ते बघ, म्हणून बोगोमिरनं बाथरूममधला वजनकाटा आणून नाकाखाली ठेवला. काटा चौऱ्याहत्तरवर थांबला.

"अगदी माझं वजन," आलेंका वरून, बाल्कनीतून म्हणाली, आणि मग सबंध इमारत ऐकतेय हे तिच्या लक्षात आलं.

साडेसहाशे किलोंची घोडी घालून सराव करणं शक्य नव्हतं, म्हणून घरोघरच्या तळघरांतून बटाट्याची तेरा पोती गोळा झाली. ती चढवायला सोपी म्हणून मागच्या दारापाशीच रचली गेली, आणि आलेंकानं गाडी साठच्या पुढे नेताच ट्रेलरनं असं अंग घुसळलं, की मागून येणारा दूधवाला पार शेतात उतरला. द्रागोला या गोष्टीचा अतोनात आनंद झाला. "बघ! मी काय म्हणालो होतो? शेपूट!" तो दूधवाल्यालाही समजावून सांगत होता.

पोती पुढे सरकवली, शेपूट थांबलं. पण बोगोमिरच्या मनातली टोचणी थांबेना. आकडे सगळे बरोबर आले होते आणि तरीही घोडीला आत काय वाटलं असेल ते एकाही आकड्यात नव्हतं. एका शनिवारी त्यानं पोती उतरवली, ट्रेलर तबेल्यामागच्या कापलेल्या कुरणात नेला आणि स्वतःच आत जाऊन उभा राहिला.

"दोन्ही हात पाठीमागे बांधल्यासारखे धरणार आहे मी," त्यानं आलेंकाला सांगितलं. "घोडीला हात नसतात. आणि तू तुझ्यासारखी चालवू नकोस. माझ्यासारखी चालव."

"अगदी तुझ्यासारखी?"

"अगदी."

आलेंकानं तीस वर्षं शेजारी बसून जे जे सोसलं होतं, ते तिनं त्या कुरणात पाच मिनिटांत मन लावून परत केलं. नवऱ्यासारखी झटक्यात निघाली, वळणावर नवऱ्यासारखी अर्ध्यातच वेग वाढवला, आणि कुंपण दिसल्यावर नवऱ्यासारखा शेवटच्या क्षणी नीटनेटका ब्रेक लावला. पहिल्या ब्रेकला बोगोमिरचं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटलं. वळणावर तो भिंतीवर गेला. कुंपणाशी तो गुडघ्यांवर पडला आणि तिथून उठलाच नाही. दार उघडलं तेव्हा तो ट्रेलरमधल्या गवतात बसला होता, चष्मा एका कानावर लोंबत होता आणि दोन्ही गुडघे सोलले होते.

"लागलं का रे?" आलेंकाचा चेहरा उतरला. तिला हे इतकं खरं करायचं नव्हतं.

"मी असा चालवतो?"

तिनं त्याच्या केसांतलं गवत काढलं. "माणसांना चालतं रे. माणसांना समोरचा रस्ता दिसतो."

त्या संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी बोगोमिर ब्रेझापाशी गेला. घोड्यांची त्याला खरं म्हणजे भीती वाटायची. तो अंतर राखून उभा राहिला, घसा खाकरला आणि कचेरीत तक्रारदाराशी बोलावं तसं म्हणाला, "तुमचं म्हणणं रास्त होतं." ब्रेझानं त्याच्या कोटाच्या खिशाचा वास घेतला. खिशात सफरचंदाचा अर्धा तुकडा होता, तो त्यानं तिला दिला. घोडीचे ओठ इतके मऊ असतात, हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

आता चालवायचं कसं, हा प्रश्न होता. रेझ्काबाई म्हणाल्या, "माझ्या पोटित्साचं पीठ घेऊन जा." पोटित्सा म्हणजे अक्रोडाचं सारण घालून गुंडाळलेला गोड पाव, आणि तो नाही तर नाताळ नाही. त्याचं पीठ फुगत असताना काम्निकमधल्या कुठल्याही घरात दार आपटायची कुणाची छाती नसते, कारण धक्का बसला की पीठ बसतं, आणि पीठ बसलं की बाई बोलायची थांबते. "पीठ बसलं नाही तर घोडीही पडायची नाही," रेझ्काबाई म्हणाल्या. यात शास्त्र किती ते देव जाणे, पण बोगोमिरला एकदम पटलं. तोही इथलाच होता. मोठं भांडं, त्यावर कापड, त्यावर पिसांची रजई, उशाला गरम पाण्याच्या दोन बाटल्या, असा थाट ट्रेलरमध्ये झाला. बोगोमिर कुरणातल्या कुरणात तासभर फिरला. परत आला तेव्हा भांड्याच्या तळाशी एक चपटा गोळा होता. रेझ्काबाईंनी तो पाहिला आणि त्या खरोखरच बोलायच्या थांबल्या.

पण हार मानणारी ती बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी दुसरं पीठ आलं, तिसऱ्या दिवशी पहिल्या मजल्यावरच्या आणखी दोन घरांतून आलं. बोगोमिर शिकला. ब्रेक लावायचा तो कुंपण दिसायच्या आधी, कुंपणाची शंका आली की. वळणात शिरायच्या आधी वेग सोडायचा, आणि ट्रेलरचं मागचं चाक सरळ झाल्याशिवाय पुन्हा धरायचा नाही. पायाखाली कच्चं अंडं आहे असं समजून निघायचं. पाचव्या दिवशी रजई उचलली तेव्हा पीठ भांड्याच्या काठावर टम्म उभं होतं. द्रागोनं टोपी काढली. बावीस तारखेला परीक्षकानं बोगोमिरला विचारलं, "तुम्ही इतके हळू का निघता?" बोगोमिर म्हणाला, "पीठ बसेल." परीक्षकाच्याही घरी नाताळ होता. त्यानं सही केली.

इकडे रोज संध्याकाळी बोगोमिर उघड्या ट्रेलरच्या आत ओट्सची बादली ठेवत होता. मधली फळी त्यानं काढून टाकली होती. पहिल्या दिवशी ब्रेझा दहा पावलं लांब थांबली आणि तिनं मान फिरवली. त्यानं बादली तिच्याकडे नेली नाही आणि तिलाही ओढलं नाही. तो ट्रेलरच्या दारात बसून राहिला, थंडीनं त्याचे पाय बधिर झाले. दुसऱ्या दिवशी ती आठ पावलांवर आली. नवव्या दिवशी पुढचे दोन पाय आत होते. बाराव्या दिवशी ती सबंध आत उभी राहून शांतपणे चघळत होती, आणि बोगोमिर कोपऱ्यात, श्वास रोखून. घरी यातलं त्यानं काही सांगितलं नाही. पण नाताळच्या आदल्या दिवशी जेवताना सासरे एकदम म्हणाले, "तुझ्या पँटीच्या घडीत ओट्स असतात रोज."

"हो."

"उभी राहते?"

"राहते. डाव्या बाजूला थोडी झुकून."

"तशीच राहायची ती. खुबा दुखतो तिचाही." म्हातारा बराच वेळ पावाचा तुकडा कुस्करत राहिला. "मी पुढं बसणार. थांब म्हटलं की थांबायचं."

सणाच्या सकाळी घाटातला बर्फ काढून होईपर्यंत थांबावं लागलं, मग सव्वादहाला निघाले. येर्नेय पुढच्या सीटवर बसला, पण त्याचं तोंड मागेच होतं. मानेचा पिळा पडेपर्यंत तो काचेतून ट्रेलरकडे पाहत होता. आलेंका मागच्या सीटवर. बोगोमिरनं अंड्यावर पाय ठेवला. घाट सुरू झाला तसा काटा तिसावर आला आणि तिथेच राहिला. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग, बाजूला घ्यायला कुठे जागा नाही.

"मागं अकरा गाड्या आहेत," आलेंका म्हणाली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एकोणीस."

"हॉर्न कोण वाजवतंय?" बोगोमिरला घाम फुटला होता. आयुष्यात त्यानं कुणाचा खोळंबा केला नव्हता. "बाबा, आशीर्वाद अकराला आहे. अशानं आपण चुकणार. जरा वाढवू का?"

ही एक गोष्ट त्यानं कुठल्याच भांड्यात मोजली नव्हती. लवकर पोचलं तर घोडी घाबरणार, न घाबरवता नेलं तर सण हुकणार. म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. "नको," तो म्हणाला. "हुकला तर हुकला. कान सैल आहेत तिचे."

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी ते पोद्गोरात शिरले. चर्चच्या आवारात तीस घोडे आणि दोनेकशे माणसं पाय आपटत उभी होती. सगळ्यांचे चेहरे थंडीनं लाल झालेले. फेऱ्या सुरूच झाल्या नव्हत्या. बोगोमिरला काही उमजेना. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका छोट्या गाडीतून झगा सावरत फादर उतरले.

"मी बारावा होतो," ते म्हणाले. तीन गावांची तीन चर्चं ते एकटे सांभाळायचे आणि खालच्या गावची प्रार्थना उरकून वर येत होते. "पिर्त्स, वीस वर्षं मी या घाटानं धावतपळत येतो. आज पहिल्यांदा वाटेत दोनदा पूर्ण जपमाळ ओढून झाली."

"फादर, मी फार..."

"अरे, माफी कसली मागतोस? दार उघड. कोण आहे आत, राणी?"

दार उघडलं. माणसं गोळा झाली. येर्नेय काठी बाजूला टाकून, भिंतीला धरत आत गेला आणि त्यानं घोंगडीखाली, पुढच्या पायाच्या मागे, हात घातला. तो हात तिथेच राहिला. बोगोमिर बाहेर उभा होता आणि एवढ्या माणसांत त्याला फक्त तो हात दिसत होता.

"कोरडी आहे," म्हातारा म्हणाला. मग बाहेर जमलेल्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "ठणठणीत कोरडी. माझ्या जावयानं आणलीये."

तीन फेऱ्या मारणं त्याच्या खुब्याला झेपणार नव्हतं. गावात पिढ्यान्‌पिढ्या घोडे सांभाळणारे वीस हात पुढे झाले. त्यानं दोर बोगोमिरच्या हातात दिला.

"मला येत नाही हो हे, बाबा."

"तिला येतं. तू नुसता बरोबर चाल."

बोगोमिर चालला. दर फेरीला ब्रेझा भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यासमोर येऊन थांबायची, त्याच्या टोपीचा वास घ्यायची आणि मगच पुढे जायची. तिसऱ्या फेरीला ती थांबली ती हलेचना. मागचे अठ्ठावीस घोडे तुंबले. बोगोमिरनं दोर ओढला, विनवण्या केल्या, कानांपर्यंत लाल झाला.

"राहू दे," येर्नेय म्हणाला. "आज लोकांना आपल्यामागं थांबायची सवय झालीये."

सगळे हसले, आणि फादर स्वतःच बादली घेऊन तिथवर आले. पाणी घोडीवर पडलं, म्हाताऱ्यावर पडलं, बोगोमिरच्या चष्म्यावर तर जरा जास्तच पडलं. चष्मा पुसायच्या निमित्तानं त्याला डोळेही पुसता आले. ब्रेझानं पाव खाल्ला, मीठ चाटलं. येर्नेयनं तिच्या कपाळाला कपाळ लावलं आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला. कुणी घाई केली नाही.

परतीला उतार होता, आणि ट्रेलर ओढताना उतार हा चढापेक्षा अवघड, हे द्रागोनं दहादा बजावलं होतं. बोगोमिरनं खालचा गिअर टाकला. पहिल्या वळणावर त्याला वाटलं, सासरे काहीतरी म्हणतील. दुसऱ्या वळणावर त्यानं हळूच बाजूला पाहिलं. येर्नेयचं तोंड मागे नव्हतं. डोकं काचेला टेकलं होतं, हात मांडीवर उघडे पडले होते आणि म्हातारा गाढ झोपला होता. बावीस वर्षांची घोडी मागे सोपवून तो झोपला होता.

बोगोमिरनं काटा तिसावरून पंचविसावर आणला. मागून कुणीतरी हॉर्न दिला. मग एका सपाट जागी ती गाडी पुढे जाऊ लागली आणि आतला माणूस काच खाली करून काहीतरी सुनवायच्या बेतात होता. आलेंकानं आपली काच खाली केली, ओठांवर बोट ठेवलं आणि पुढच्या सीटकडे खूण केली. त्या माणसानं पाहिलं, तोंड मिटलं आणि तो इतक्या हळू पुढे गेला, की गाडीचा आवाजसुद्धा आला नाही.